उजव्या दाराचा स्पीकर

"हा डावाच वाजतोय," तो म्हणाला, आणि बोटाने डावीकडचं दार दाखवूनही मोकळा झाला. स्टिरिओवालीने मान वर केली नाही. डॅशबोर्डाच्या उघड्या पडलेल्या खोबणीत तिचा कोपरापर्यंत हात गेला होता, कपाळावर टॉर्चचा पट्टा होता आणि ओठांत दोन स्क्रू धरलेले होते. ते तिने सावकाश तळहातावर काढून घेतले. "काका, डावा मी बंद केलाय. वाजतोय तो उजवा." काका म्हटल्याचं त्याला एरवी लागलं असतं, स्टिरिओवाली काही अगदी पोरगी नव्हती, पस्तिशीची तरी असेल. पण आता त्याला भलत्याच गोष्टीचा राग आला. "अहो, उजवा कधीच गेलाय. दोन वर्षं झाली त्याला." "जाळीवर हात ठेवा बघू," ती म्हणाली. त्याने आपल्या बाजूच्या दाराच्या खालच्या काळ्या जाळीवर तळहात टेकवला. जाळी थरथरत होती. गाण्यातल्या जाड आवाजाच्या प्रत्येक ठोक्याला ती त्याच्या हाताला आतून टोचे मारत होती, आणि ठोका ऐकू येत होता तो मात्र डावीकडून, बायको बसते त्या बाजूने. हात एक सांगत होता, कान दुसरंच सांगत होता. त्याने हात उचलला, पँटला पुसला, परत ठेवला. जाळी थरथरतच होती. "ठणठणीत आहे," स्टिरिओवाली म्हणाली, "गाडीच्या वयाच्या मानाने तर फारच. बदलायचा विचार होता का?" "नाही, नाही," तो म्हणाला, "राहू दे."

आणि तो हसला. हसल्यावर त्याला कळलं की हे हसू आपल्या ओळखीचं आहे. गेली एकोणतीस वर्षं तो ते रोज बघत आला होता. एका मोठ्या इस्पितळाच्या तिसऱ्या मजल्यावर, लांबलचक वाटेच्या टोकाला, त्याची खोली होती. खोलीच्या आत जाड भिंतींची आणखी एक छोटी खोली, तिला एक काच. काचेच्या आत माणूस कानांवर हेडफोन लावून हातात बटण धरून बसे, बाहेर तो बसे. तो एकेक आवाज आत सोडायचा, ऐकू आला की आतला माणूस बटण दाबायचा, आणि बाहेर कागदावर ठिपके पडायचे. उजव्या कानासाठी लाल गोल, डाव्यासाठी निळ्या फुल्या. किती हजार कागद झाले असतील, देव जाणे. गोल आणि फुल्या खाली खाली उतरत गेल्या, म्हणजे कान कमी निघाला, की तो काचेकडे बघायचा, आणि आतला माणूस हमखास हसत असायचा. डोळे जागच्या जागी आणि तोंड तेवढं हसतंय, असं ते हसू. आपण पास झालो ना, असं विचारणारं. त्या हसण्याची त्याला दया येई, आणि खरं सांगायचं तर कधीमधी कंटाळाही येई. आता तेच हसू एका गॅरेजवजा दुकानात, स्वतःच्या गाडीत, स्वतःच्या तोंडावर येऊन बसलं होतं आणि काही केल्या उतरेना. "वा, छान," तो स्टिरिओवालीला म्हणाला. कशाबद्दल म्हणाला ते तिलाही कळलं नसावं.

स्टिरिओचं हे खूळ बायकोचं. गाडी सतरा वर्षांची. मागच्या काचेची कडी निखळलेली, सीटची शिवण उसवलेली, पण ती विकायचा विषय काढला की बायको एखाद्या नातेवाइकाला घराबाहेर काढायला निघाल्यासारखं त्याच्याकडे बघायची. स्टिरिओ जुना, कॅसेटच्या फटीचा, आणि डिकीत सहा सीडींचा एक डबा, जो आठ वर्षांपूर्वीच मुका झालेला. गाणी सगळी फोनात आणि फोन गाडीशी बोलायला तयार नाही. आधी त्याने सिगारेट पेटवायच्या भोकात खुपसायची एक स्वस्त कांडी आणली. तिच्यावर गाणं लागायचं, पण प्रत्येक पुलाखाली कुठलं तरी रेडिओ स्टेशन मध्ये घुसायचं आणि गाण्यातल्या बाईच्या तोंडी हवामानाचा अंदाज यायचा. बायको पोट धरधरून हसली, आणि मग म्हणाली की नीट करून घ्या, पण स्टिरिओचं तोंड बदलायचं नाही, मला तीच बटणं हवीत. म्हणून हे दुकान. इथे स्टिरिओवालीने दोन पातळ पट्ट्या घालून अख्खा स्टिरिओ दातासारखा उपटून काढला, मागे सीडीच्या डब्याची जी वायर यायची ती सोडवली आणि त्याच जागी काड्यापेटीएवढी ब्लूटूथची डबी जोडून ती समोरच्या कप्प्यामागे दडवून टाकली. वरून काही म्हणता काही बदललं नव्हतं. आज सकाळी निघताना बायको टॉवेलची गुंडाळी काखेत मारून दारात उभी राहिली होती. ती पोहायला शिकवते, मोठ्या माणसांना, पाण्याला भिणाऱ्यांना. तलावाच्या या काठावरून त्या काठापर्यंत पोचणारा तिचा आवाज. "आणि तो उजवा स्पीकर पण दाखवा," ती म्हणाली होती. "नुसतं गेलाय, गेलाय म्हणत बसू नका. एकदा तपासूनच या." तेव्हा त्याने बरं म्हटलं होतं आणि किल्ली शोधत बसला होता.

"एकदा जोडलाय आता," स्टिरिओवाली सांगत होती, "पुढच्या वेळी फोन घेऊन गाडीत बसलात की आपोआप जोडला जाईल. तुम्हाला काही करायला नको." ती त्याच्या उजव्या दारापाशी उभी होती, आणि त्याने मान एवढीशी तिच्या बाजूला वळवली होती, डावा कान पुढे करून. हे वळणं त्याला आज पहिल्यांदा दिसलं. इतके दिवस मान आपली आपण वळत होती आणि त्याला कुणी कळवलं नव्हतं.

तलावावर जाऊन बायकोला घ्यायचं होतं. पाच सिग्नल आणि एक पूल. त्याने गाणं लावलं नाही. गाडी चालवता चालवता तो मागची दोन वर्षं परत लावायला लागला, कपाटातले कपडे खाली काढून पुन्हा घड्या घालाव्यात तसा. बैठकीत तो हल्ली टेबलाच्या अगदी उजव्या टोकाची खुर्ची धरायचा. खिडकी जवळ आहे म्हणून. फोन डाव्या कानाला लावायचा. उजव्या हाताने लिहायला बरं म्हणून. रस्त्याने चालताना बायकोला नेहमी आपल्या डावीकडे घ्यायचा; तिकडून गाड्या येत नाहीत म्हणून. प्रत्येक गोष्टीला त्याच्यापाशी कारण तयार होतं आणि एकूण एक कारण चोख होतं. बिस्किट खाल्लं की उजव्या बाजूला कुरकुर केवढ्याने ऐकू यायची, तर त्याने ठरवलं होतं की दाढ किडली असेल. दाढ दाखवलीही होती. दाढेच्या डॉक्टरने काही नाही म्हटल्यावर त्याने डॉक्टर बदलला होता. लोक येऊन सांगायचे की साहेब, माझे कान उत्तम आहेत, हल्ली माणसंच पुटपुटतात, तेव्हा तो मनात हसायचा. दोन वर्षं तो हसत होता आणि दोन वर्षं तो तेच करत होता. एकोणतीस वर्षं दुसऱ्यांचे कान तपासले, आणि स्वतः त्या छोट्या खोलीत शेवटचं कधी बसलो होतो? मशीन नवीन आलं तेव्हा. म्हणजे सहा वर्षं. शरमेने त्याची कानशिलं तापली.

एका निवृत्त मोजणीदाराची गोष्ट तो सगळ्यांना सांगायचा. त्या माणसाला त्याच्या मुलींनी तीनदा धरून आणलं. तिन्ही वेळा म्हातारा आत बसून मुद्दाम भलत्याच वेळी बटण दाबत राहिला. चौथ्यांदा वर्षभराने एकटाच आला, खुर्चीत बसला, म्हणाला, "नातू काय म्हणतो ते कळत नाही. करा काय ते." आणि त्याच दिवशी कानात मशीन घालून घरी गेला. त्या म्हाताऱ्यावरून त्याने स्वतःपुरता नियमच केला होता. नातेवाईक आले की तो त्यांना बाजूला घेऊन सांगायचा, ओढून आणू नका. त्यांचं त्यांना कळू द्या. तोवर तुम्ही जरा जवळ बसा, तोंड समोर ठेवून बोला, खुर्च्या सरकवा, पण चूक दाखवू नका. माणूस आपल्या पायांनी आला तरच मशीन कानात राहतं, नाहीतर ते खणात जातं. ही गोष्ट आणि हा नियम बायकोने जेवताना इतक्या वेळा ऐकला होता की मोजणीदार म्हटलं की ती पुढची वाक्यं त्याच्या आधी म्हणून टाकायची, त्याच्याच सुरात, हात वर करून.

पुलावर गाड्या अडकल्या. आणि तिथे, पुढच्या ट्रकच्या मागच्या दिव्यांकडे बघत असताना, ज्या विचाराला तो दुकानापासून दारातच थोपवून धरत होता तो आत शिरला. दोन्ही कान बरोबरीने, हळूहळू उतरले तर ते वय. त्याला थांबलं तरी चालतं. पण एकच उतरला तर गोष्ट वेगळी. शिकत असताना त्यांच्या बाई खडूने फळ्यावर ठोके देऊन सांगायच्या: एकच कान गेला तर थांबायचं नाही, आधी नस बघायची. नसेवर गाठ असू शकते. फार क्वचित असते. त्याच्या एकोणतीस वर्षांत तीन निघाल्या. तिन्ही माणसांचे चेहरे त्याला पाठ होते. तिसरी शिवणकाम करणारी एक बाई होती. तीही म्हणाली होती, दोन वर्षं झाली असतील हो, मला वाटलं सर्दी आहे. तो तिला म्हणाला होता, दोन वर्षं? आणि तोपर्यंत काय करत होतात? चांगल्या कडक आवाजात म्हणाला होता. मागच्या कुणीतरी हॉर्न वाजवला. तो डावीकडून आल्यासारखा वाटला. पण डावीकडे तर पुलाचा कठडा होता.

मागच्या सीटवर त्याची बॅग होती. बॅगेत फ्लॅनेलच्या तुकड्यात गुंडाळलेला चिमटा होता, दोन दांड्यांचा, पोलादी, वाजवला की एकच सूर देणारा. शाळांमध्ये मुलांचे कान तपासायला तो हा बरोबर ठेवायचा. गुडघ्यावर आपटायचा, त्याची मूठ कपाळाच्या मधोमध टेकवायची आणि विचारायचं, आवाज कुठल्या बाजूला येतोय? दहा सेकंदांचं काम. आवाज चांगल्या कानाकडे गेला तर बिघाड नसेत. आणि गंमत अशी की आवाज वाईट कानाकडे गेला, तर नस शाबूत. मग नुसती वाट अडलेली असते. आतलं तांदळाच्या दाण्याहून लहान हाड आखडलेलं असतं, ते मोकळं करता येतं, नाहीतर मशीनने भागतं. कपाळाच्या हाडातून गेलेला आवाज ती अडलेली वाट टाळून थेट नसेपाशी पोचतो, म्हणून त्या बंद कानातच तो जास्त घुमतो. मुलांना हे सांगितलं की ती चकित व्हायची. तलावाच्या भिंतीलगत झाडांखाली त्याने गाडी उभी केली, मागे हात घालून चिमटा काढला आणि गुडघ्यावर मारला. हात वर आला, भुवईपर्यंत आला, आणि तिथेच त्याने दोन्ही दांड्या मुठीत आवळल्या. सूर मुठीत विझला. थोड्या वेळाने त्याने पुन्हा मारला. पुन्हा विझवला. बिस्किटाची कुरकुर आठवत होती, ते लक्षण चांगल्या बाजूचं होतं. दुसऱ्या कुणाचं असतं तर त्याने ताबडतोब धीर दिला असता. स्वतःच्या बाबतीत मात्र त्याचा त्या कुरकुरीवर काडीचा भरवसा बसेना. जोवर चिमटा कपाळाला लागत नाही तोवर दोन्ही शक्य आहे, असं त्याला वाटलं, आणि असं वाटून घेणाऱ्या माणसांना आपण काय म्हणतो तेही आठवलं.

फाटकातून बायको आली. केस ओले, खांद्यावर टॉवेल, मागे वळून कुणाला तरी सांगत होती, "उद्या गॉगल आणा, डोळे चोळत बसू नका!" समोरच्या इमारतीतल्यांनीही उद्या गॉगल आणला असता. ती डाव्या दाराने आत येऊन बसली आणि गाडीत पाण्याच्या औषधाचा वास पसरला. "झालं?" तिने विचारलं. तिच्या फोनातली गाणी त्याने आधीच स्वतःच्या फोनात घेऊन ठेवली होती. त्याने किल्ली फिरवली, स्टिरिओच्या जुन्या हिरव्या पट्टीवर अक्षरं आली आणि काही न करता गाणं सुरू झालं. ती लहान मुलीसारखी टाळ्या वाजवायला लागली. "आणि बटणं तीच! बघा, मी म्हटलं होतं ना." मग आवाज थोडा कमी करून, समोर बघत, तिने अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, "उजव्या स्पीकरचं काय म्हणाली ती?"

त्या सहजपणामुळेच त्याला कळलं. तो तिच्याकडे वळला. "तुला माहीत होतं."

ती टॉवेलचं टोक पिळत राहिली. त्यात पिळण्यासारखं पाणी नव्हतं.

"कधीपासून?"

"तुम्ही हळू बोल म्हणायचं सोडलंत तेव्हापासून," ती म्हणाली. "लग्न झाल्यापासून रोज म्हणायचात. हळू बोल, तलाव घरी आणू नकोस. मला इतका राग यायचा त्याचा! आणि मग एकदम बंदच झालं. मला आधी बरं वाटलं. म्हटलं, सुधारला माणूस. मग लक्षात आलं की मी तुमच्या उजवीकडे असले तर तुम्ही हो-हो करता, आणि हो कशाला म्हणालात ते तुम्हाला ठाऊक नसतं. आणि स्वतः किती हळू बोलायला लागलात ते? मला कान द्यावे लागतात तुमच्यासाठी."

सोफा. सोफा भिंतीच्या या बाजूला तिने हलवला होता, उजेडाचं निमित्त करून. पलंगावरची बाजू बदलून घेतली होती, वाऱ्याचं निमित्त करून. आणि सतरा वर्षांची गाडी विकू न देणं, रविवारी उगाचच लांब फिरायला चला म्हणणं. गाडीत ती त्याच्या डावीकडे, हातभर अंतरावर. गाडीत त्यांच्या गप्पा व्हायच्या, खऱ्या, जुन्या दिवसांसारख्या. त्याला वाटायचं, गाडीत आपल्या दोघांचं बरं जमतं, काय की. घरभर तिने त्याच्यासाठी खुर्च्या सरकवल्या होत्या आणि त्याला एकीचाही आवाज आला नव्हता. माया दाटून आली, आणि तिच्यामागोमाग, तितक्याच जोराने, संताप.

"मग सांगितलं का नाहीस? दोन वर्षं!"

"तुम्हीच सांगता ना!" ती म्हणाली. "ओढून आणू नका. त्यांचं त्यांना कळू द्या. मोजणीदार! मी किती वेळा अगदी तोंडाशी आणलं आणि गिळलं. म्हटलं, मी बोलले तर हा माणूस हट्टाने कधीच तपासणार नाही. शेवटी म्हटलं, निदान स्पीकर तरी तपासून घ्या."

"ते दोन्ही कानांचं असतं," तो म्हणाला. "वयाचं. एकच कान गेला तर थांबायचं नसतं. एक दिवससुद्धा."

"हे तुम्ही कधी सांगितलंत?"

खरंच, कधी सांगितलं होतं? त्याने आठवून पाहिलं. मोजणीदाराची गोष्ट शंभरदा. ही दुसरी गोष्ट एकदाही नाही. त्या तीन माणसांबद्दल तो घरी कधी बोललाच नव्हता. जेवताना कोण बोलतं असलं? नियम तेवढा घरी आणला आणि त्याचा अपवाद तिसऱ्या मजल्यावर ठेवून दिला. बायकोने त्याच्या शब्दाला सोन्यासारखं जपलं होतं. तिचा चेहरा उतरत चालला होता. "थांबायचं नसतं म्हणजे?" तिने विचारलं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच तिचा आवाज इतका लहान आला की डाव्या कानालाही तो जेमतेम लागला. "म्हणजे माझ्यामुळे काही..."

"नाही," तो म्हणाला. मग, तिला खोटं सांगता येत नाही म्हणून, "माहीत नाही. आत्ता कळेल." त्याने गाणं बंद केलं आणि मूठ उघडून चिमटा तिच्यापुढे धरला. "मला जमत नाहीये. मघापासून दोनदा मारला. तू मार. गुडघ्यावर, जोरात नको. आणि ही मूठ इथे टेकव."

तिने केस कानामागे टाकले. पाण्याला भिणाऱ्या माणसाला पहिल्यांदा उताणं झोपवताना ती त्याच्या मानेखाली एक हात ठेवते. तसाच तिने एक हात त्याच्या मानेखाली घातला, बहुधा नकळत. दुसऱ्या हाताने चिमटा गुडघ्यावर मारला आणि त्याच्या कपाळाच्या मधोमध टेकवला. पोलाद गार होतं. तो काचेच्या आतल्या माणसासारखा निमूट बसला, आणि त्याला वाटलं, आत बसलेल्यांना इतकं एकटं वाटत असेल हे आपल्याला कुणी कसं सांगितलं नाही.

"कुठे येतोय?" तिने विचारलं.

त्याने बोट वर केलं. मग म्हणाला, "परत."

तिने परत मारला. बोट परत त्याच बाजूला गेलं. तिसऱ्या वेळी त्याने डोळे मिटून घेतले, कारण दुकानात एकदा तो चुकला होता आणि आता त्याला चुकायचं नव्हतं. सूर आला. उजवीकडून आला. त्या सोडून दिलेल्या, मेला म्हणून ठरवून टाकलेल्या कानात तो गोल, भरीव, अगदी जवळ येऊन उभा राहिला आणि बराच वेळ हलला नाही. डाव्या बाजूला जवळजवळ काही नव्हतं. बिस्किटाची कुरकुर सोडली तर दोन वर्षांत उजवीकडून त्याला भेटायला आलेला हा पहिलाच आवाज. तो विरत विरत गेला तरी त्याने डोळे उघडले नाहीत. उद्या हाताखालच्या सहकारिणीला सांगायचं, मला आत बसव आणि सगळं नीट कर, लाल गोल, निळ्या फुल्या, वगळू नकोस काही. मग डॉक्टर, फोटो, सगळं रीतसर. मशीन लागलं तर मशीन. खणात नाही टाकायचं. नस शाबूत होती. नस शाबूत होती.

"काय झालं?" बायको म्हणाली. "उजवीकडे म्हणजे काय? चांगलं की वाईट? अहो, बोला ना काहीतरी! रडताय का तुम्ही? अहो!" शेवटचा 'अहो' असा होता की फाटकावरचा राखणदार स्टुलावरून अर्धवट उठला आणि भिंतीवरची पाखरं उडाली.

तिला हाड सांगायचं होतं, वाट सांगायची होती, तांदळाचा दाणा सांगायचा होता. तोंडातून एवढंच बाहेर आलं.

"हळू बोल," तो म्हणाला. "तलाव गाडीत आणू नकोस."

ती त्याच्याकडे बघत राहिली. चिमटा हातात तसाच होता. मग तिने टॉवेलात तोंड खुपसलं, आणि बाहेर काढलं तेव्हा ते लालभडक झालं होतं.

"नाही बोलणार हळू!" ती ओरडली.